जुनी पिकअप आणि तेलाचा हिशोब

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या अंकातून एरवी मी बेणे, खत, पाणी आणि लागणीच्या तारखा यांबद्दलच लिहीत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. त्याला कारण असे की, गट ऑफिसात सभासद कोणत्याही कामाने आले तरी उसाचे बोलून झाले, चहा झाला, की गोष्ट गाडीवर येतेच. "साहेब, गाडी तेल लय खाऊन राह्यली. इकून टाकू का?" हा प्रश्न गेल्या दोन हंगामांत मला माव्याच्या औषधापेक्षा जास्त वेळा विचारला गेला असेल.

मी काही मोटार इंजिनिअर नव्हे. कृषी पदविकेला शेती अवजारे आणि इंजिन यांचा एक पेपर होता, तेवढेच शिक्षण. पण वीसएक वर्षे कारखान्याच्या जीपमधून शिवारे पालथी घालताना आणि गाड्या बंद पडल्यावर मिस्त्रीच्या शेजारी बसून राहताना पुष्कळ पाहायला मिळाले. शिवाय तेल हा उत्पादन खर्चच आहे. खताच्या पोत्यामागे पन्नास रुपये वाढले तर आपण सभेत उठून बोलतो, आणि गाडीच्या टाकीतून रोज गळणाऱ्या पैशाकडे मात्र पाहत नाही.

आपल्या उमरखेड, महागाव, पुसद, दिग्रस या भागात पिकअप म्हणजे बैलगाडीच्या जागी आलेले वाहन. बेणे, खत, ठिबकच्या नळ्या, मोटर जळाली तर मोटर, कापूस, सोयाबीन, केळी, आणि हळद असेल तर थेट हिंगोली-वसमतची वारी. महिंद्राने १९४७ साली विलिस जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून खेड्यात जीपच्या मागे माल घालायची पद्धत पडली. १९८८ मध्ये टाटामोबाईल आली, त्याच घराण्यातली पुढे २०७. मग बोलेरो पिकअप, आणि २००५ साली छोटा हत्ती. त्यांतल्या दहा, बारा, पंधरा वर्षांच्या गाड्याच आज आपल्या सभासदांच्या दारात जास्त करून उभ्या आहेत. नवी कोरी गाडी घेणारा सभासद कमी, दुसऱ्याच्या हातची घेऊन चालवणारा जास्त. त्यात कमीपणा काही नाही.

विकण्याआधी पेन्सिल घ्या

समजा, एक जुनी पिकअप लिटरला ९ किलोमीटर देते आणि महिन्याला १,००० किलोमीटर फिरते. डिझेल ९० रुपये लिटर धरू, म्हणजे तोंडी हिशोब सोपा पडेल. महिन्याला १११ लिटर तेल लागले, म्हणजे १०,००० रुपये. तीच गाडी नीट होऊन १२ देऊ लागली तर ८३ लिटर, म्हणजे साडेसात हजार. महिन्याला अडीच हजार आणि वर्षाला तीस हजार रुपये वाचले. उसाचे टनाला हाती तीन हजार धरले तर हा दहा टन ऊस झाला.

आता ती गाडी विकून नवी घेतली आणि नवी १४ देते असे धरा. तेल लागेल ७१-७२ लिटर, म्हणजे ६,४०० रुपयांच्या आसपास. दुरुस्त केलेल्या जुन्या गाडीपेक्षा महिन्याला हजार-अकराशे रुपयेच वाचले. आणि त्यासाठी आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांच्या मुदतीने, दसादशे १० टक्क्यांनी काढले तर महिन्याचा हप्ता १७,००० रुपये. हजार वाचवायला सतरा हजार. ऊसबिलातून हप्ता वळता होऊ लागला की घरात बोलणी कोणाला खावी लागतात, ते सांगायला नको.

यात एक गोम आहे ती लक्षात घ्या. ९ वरून १२ वर गेलो तर महिन्याला २८ लिटर वाचतात. १२ वरून १५ वर गेलो तर १७ लिटरच वाचतात. वाढ दोन्हीकडे तीन किलोमीटरचीच. म्हणून गाडी जितकी जास्त तेलखाऊ, तितका तिच्या दुरुस्तीत पैसा जास्त. नवीन, भारी गाडी हवीच असेल तर खुशाल घ्या, पण ॲव्हरेजचे कारण सांगून घेऊ नका.

नऊ देणारी प्रत्येक गाडी बारा देईलच असे मी म्हणत नाही. कायम भरून चालणारी, पांदणीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी कमीच देणार. पण आपली गाडी किती द्यायला पाहिजे आणि किती देते, हे तरी ठाऊक असावे. आणि इथेच सगळी मेख आहे. "ॲव्हरेज किती देते?" म्हणून विचारले की दहापैकी आठ सभासद अंदाज सांगतात. मीटरची केबल तुटून तीन वर्षे झालेली असतात.

मोजणार कसे

आधी मीटरची केबल बसवून घ्या, फार पैसे लागत नाहीत. मग मीटर खरे बोलतो की नाही ते पाहा. यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जाणारा नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग आपल्या दारातूनच गेला आहे. त्यावरचे दहा किलोमीटरचे दगड मोजत जा आणि मीटरवर किती पडले ते लिहून घ्या. टायर वेगळ्या मापाचे बसवले असतील, किंवा पार झिजले असतील, तर फरक पडतो. दहाला साडेनऊ दाखवत असेल तर पुढचा सगळा हिशोब त्या बेताने करायचा.

त्यानंतर एका पंपावर टाकी भरून घ्या. नळी आपोआप बंद पडते तिथेच थांबायचे, गाडी हलवून हलवून वर आणखी लिटरभर कोंबायचे नाही. मीटर लिहा. किमान ४०० किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, पुन्हा तशीच भरा. जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागा. शंभर रुपयांचे, दोनशेचे टाकत राहिले आणि काट्याकडे पाहत राहिले तर देवालाही ॲव्हरेज सांगता येणार नाही. असे तीन वेळा झाले की मगच तो आकडा धरा. एकदा बेणे वाहिले, एकदा रिकामी यवतमाळला गेली, तर आकडा वरखाली होणारच, म्हणून वहीत शेजारी माल काय होता तेही लिहा.

आकडा हाती आल्याशिवाय मिस्त्रीकडे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुरुस्तीआधी किती आणि नंतर किती, हे सांगता आले नाही तर पैसे कशाचे दिले तेच कळत नाही.

तेल जाते कुठे

मागच्या हंगामात एका सभासदाची गाडी अशीच आठ-नऊवर आली होती. इंजिन उतरवावे लागेल, साठ हजारांचा खर्च आहे, असे त्यांना कोणीतरी सांगून ठेवले होते. गाडी आमच्या ऑफिसपुढे येऊन उभी राहिली तेव्हा मागच्या डाव्या चाकाजवळ जळका वास येत होता. ड्रमजवळ हात नेला तर नुसत्या धगीने मागे घ्यावा लागला, बाकीची तीन चाके कोमट. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि ते चाक बारा महिने ब्रेक धरूनच फिरत होते. केबल बदलली, लायनर साफ करून नीट बसवले, आणि इंजिनाला हात न लावता गाडी अकराच्या वर गेली. "एवढंच होतं का बाप्पा!" एवढेच ते म्हणाले.

ही तपासणी कोणालाही घरी करता येते. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये घालून एकट्याने ढकलून पाहा. रिकामी पिकअप एका माणसाच्या जोराने सरकायला पाहिजे. सरकत नसेल तर एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, पण बाकीच्या चाकांना दगडाची उटी लावल्याशिवाय नाही. नदी-नाल्याच्या पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर हे केलेच पाहिजे.

टायरमधल्या हवेबद्दल सगळे सांगतात आणि कोणी ऐकत नाही. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना म्हणून सरकारची एक संस्था आहे, १९७३ च्या तेलसंकटानंतर या विषयाची जाग आली आणि १९७८ साली ती स्थापन झाली. तिचे सांगणे असे की, हवा पाव हिश्श्याने कमी असेल तर तेल ५ ते १० टक्के जास्त जाते. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचा हवेचा आकडा वेगळा असतो, तो दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. पंक्चरवाला चारही चाकांत सारखीच हवा भरतो, त्याला आपणच सांगावे लागते. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. यवतमाळच्या मे महिन्यात दुपारी डांबरावरून आलेल्या टायरची हवा पाहून काही उपयोग नाही, आकडा फुगलेलाच दिसतो.

एअर फिल्टरचे तसेच. ऊसतोडीच्या दिवसांत फडाच्या रस्त्यावर धूळ किती असते ते तुम्हाला माहीतच आहे. पुस्तकात फिल्टर बदलण्याचे जे अंतर दिलेले असते ते चांगल्या रस्त्याचे असते. फुफाट्यातून चालणाऱ्या गाडीने त्याच्या निम्म्यावर फिल्टर मागितला तर नवल नाही. इंजिनाला हवा कमी पडली की तेल पुरते जळत नाही आणि मागून काळा धूर निघतो. तो काळा धूर म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेले डिझेलच आहे. कागदाचा फिल्टर आपटून किंवा पाण्याने धुऊन पुन्हा बसवू नये, तो फाटतो आणि मग धूळ सरळ इंजिनात जाते.

धुराचा रंग ओळखायला शिका. काळा असेल तर हवा कमी किंवा तेल जास्त, किंवा नोझल खराब. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. थंडीत सकाळी चालू करताना थोडा पांढरा धूर आला तर हरकत नाही, पण गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर टायमिंग, नोझल किंवा पाणी आत जाणे, यांपैकी काहीतरी आहे.

आता जे सांगतो आहे ते फारसे कोणी सांगत नाही. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का ते पाहा. इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचे पाणी अडवून धरणारी ही लहानशी झडप. आपल्याकडे उन्हाळा कडक, एखाद्या मे महिन्यात गाडी उकळते, आणि मिस्त्री पहिले काम करतो ते थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याचे. गाडी उकळायची थांबते, मालक खूश. पण मग इंजिन बारा महिने थंड चालते. ८०-९० अंशांवर चालायचे ते पौष-माघात सकाळी ६० च्या आसपासच रेंगाळते. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते, झीज वाढते. म्हणजे तेलही गेले आणि इंजिनही गेले. गाडी उकळण्याचे खरे कारण बहुधा रेडिएटरमध्ये साचलेला गाळ, ढिला पट्टा किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतणे हे असते. रेडिएटर साफ करून घ्या, कूलंट घाला आणि थर्मोस्टॅट परत बसवा. टेम्परेचरचा काटा तासभर चालूनही तळाशीच असेल, तर तुमच्या गाडीत तो नाही असे समजायला हरकत नाही.

पंप आणि नोझल हे सगळ्यात शेवटी. जुन्या पंपाच्या गाडीत नोझलचा दाब आणि फवारा यंत्रावर तपासून मिळतो. तो तपासल्याशिवाय "पंप करावा लागेल" म्हणणाऱ्याचे ऐकू नका. पंपाचा स्क्रू फिरवून तेल वाढवून देणारेही आहेत, गाडी दोन दिवस जोरात पळते आणि पुढे काळा धूर सोडत राहते. अलीकडच्या कॉमन रेलच्या गाड्यांत मात्र गावच्या मिस्त्रीला हातच लावू देऊ नका, ते काम संगणक जोडून पाहणाऱ्याचे आहे.

चालवणाऱ्याचा पाय

गाडी साठच्या आत ठेवणाऱ्याला पोरे हसतात. पण वरच्याच संस्थेचे सांगणे आहे की, ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ ने चालवली तर ४० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर मिळू शकते. याचे कारण वारा. वेग ५५ चा ८० झाला की वाऱ्याचा विरोध दुपटीहून अधिक होतो, आणि पिकअपचे तोंड म्हणजे उभी भिंत. त्यात वर रिकामे कॅरिअर, मागे फडफडणारी ताडपत्री. ताडपत्री ताणून बांधा, कॅरिअर लागत नसेल तर उतरवून ठेवा. रिकाम्या गाडीचा मागचा फाळका खाली सोडला म्हणजे वारा निघून जातो, असे काहीजण मानतात. अमेरिकेत पिकअपवर याच्या चाचण्या झाल्या, त्यांत उलटेच दिसले. फाळका वर असला की हौद्यात हवेचा भोवरा अडकून राहतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सरकून जातो. तेव्हा फाळका लावलेलाच बरा.

पुसदहून वाशिमकडे जाताना खंडाळ्याचा घाट लागतो. उतारावर गाडी न्यूट्रल करणे, काहीजण तर इंजिनच बंद करणे, आणि "तेवढंच तेल वाचते" म्हणणे, हे मी स्वतः शेजारी बसून पाहिले आहे. बंधूंनो, हे करू नका. इंजिन बंद केले की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो, दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. आणि तेल तरी कुठे वाचते? गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवत असतात, पंप तेल देणे जवळजवळ थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तेल द्यावेच लागते. म्हणजे जीव धोक्यात घालून वर तेल जास्त. ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरावा, हे जुने ड्रायव्हर उगाच सांगत नव्हते.

बाजार समितीच्या रांगेत, वजनकाट्यापुढे, गाडी चालू ठेवून गप्पा मारायची सवय आहे. या मापाचे इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर खाते. स्टार्टर नीट नाही म्हणून बंद करत नाही, असे सांगणारे भेटतात. मग स्टार्टर आणि बॅटरी करून घ्या, तो खर्च तेलातूनच निघेल.

ओझ्याचा प्रश्न माझ्या खात्याचाच आहे. दोन डोळ्यांच्या टिपरीने लागण करायची तर एकरी दहा हजार टिपरी, म्हणजे साधारण अडीच टन बेणे लागते. पिकअपची क्षमता बऱ्याच जुन्या गाड्यांत सव्वा टनाच्या आसपास. सभासद काय करतो, एकाच खेपेत सगळे घालतो. पाटे वाकतात, टायर तापतात, क्लच घसरतो, आणि घसरणारा क्लच गाडी हलवण्याऐवजी तेल नुसते जाळतो. त्यापेक्षा एक डोळ्याची रोपे आपल्याच शेतात तयार करा. पाच फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावले तर एकरी साडेचार हजारांच्या आत रोपे बसतात. नांग्या धरूनही वीस हजार डोळ्यांच्या जागी पाच हजारांत काम होते. एका लागणीची खेप एवढीशी होते. बेणेमळ्याची नोंदणी गट ऑफिसात चालू आहेच.

बाकी काय सांगू? रॉकेल मिसळायचा उद्योग रेशनच्या रॉकेलबरोबर बराचसा गेला. पण अजून कोणी करत असेल तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की, जुन्या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, आणि रॉकेलमध्ये ते नसते. पंपाचा खर्च वाचलेल्या रॉकेलपेक्षा कितीतरी मोठा. शिवाय तो गुन्हा आहे. तेलाच्या नळीला लावायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, लिटरला पाच किलोमीटर वाढवणाऱ्या बाटल्या, हे जत्रेतले सामान आहे. विकणाऱ्याला सांगा की वही दाखवतो, आधीचे तीन आणि नंतरचे तीन आकडे पाहून पैसे देतो. तो पुन्हा येणार नाही.

मग विकायची केव्हा

दहा वर्षे झालेली डिझेल गाडी सरकार बंद करणार, या भीतीने काही सभासदांनी मातीमोल भावात गाड्या दिल्या. ती दहा वर्षांची बंदी दिल्ली परिसरासाठीची, ती आपल्याला लागू नाही. आपल्या मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याची फी आणि कर वयाप्रमाणे वाढतात, आणि ते पैसे वरच्या हिशोबात धरले पाहिजेत. विमा आणि पीयूसी तर हवेच.

पण चॅसीला गंज लागून भोके पडली असतील, तर ॲव्हरेज पंधरा असले तरी ती गाडी रस्त्यावर आणू नका. ऑइलचे झाकण उघडले की भकभक धूर येत असेल आणि महिन्याला दोन-तीन लिटर ऑइल घालावे लागत असेल, तर इंजिनाचे पूर्ण काम निघाले. त्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मी विका म्हणेन. त्याच्या आत असेल तर करून घ्या. सुटा भागच मिळत नसेल, आणि ऐन हंगामात गाडी महिन्यातून दोनदा उभी राहत असेल, तर तेलाचा हिशोब बाजूला ठेवूनही विकावी.

आमच्याकडून एक विनंती. दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपन होऊन पुढे मोळी पडली की कोणालाच सवड राहत नाही, म्हणून पोळा झाला की कामाला लागावे. वरच्या पद्धतीने काढलेले तीन आकडे, गाडीचे नाव, साल, आणि काय दुरुस्ती केली ते साध्या कागदावर लिहून आपापल्या गटाच्या शेतकी सहायकाकडे द्या. कोणत्या मॉडेलला आपल्या रस्त्यावर खरोखर किती पडते, त्याचा तक्ता करून पुढच्या अंकात छापू. सभासदाचे नाव छापणार नाही. आकडा कमी असला तरी लाजू नका, कमी आकड्याचाच आम्हाला जास्त उपयोग आहे.